नववीच्या वर्गाला माहितीपट कसा शिकवावा : पलूस तालुक्यातील एका शिक्षकांना उत्तर

पलूस तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या सरांनी विचारले आहे की, नववीच्या चोवीस मुलामुलींकडून जून ते डिसेंबर या काळात हळदीवर दहा मिनिटांचा माहितीपट करून घ्यायचा आहे. हाताशी शिक्षकांचे मिळून चार मोबाइल आहेत, शनिवारी सकाळच्या शाळेत सलग दोन तासिका मिळतात आणि तयार झालेला माहितीपट स्नेहसंमेलनात दाखवायचा आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, संकलनासाठी कोणते ॲप वापरावे, तांत्रिक माहितीच्या किती तासिका घ्याव्यात आणि संहिता कशी लिहून घ्यावी, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी मूळची संकलक आहे आणि गेली चौदा वर्षे सांगली, मिरज, तासगाव आणि पलूस या भागांतील शाळांमध्ये आठवी-नववीच्या मुलांबरोबर हे काम करते आहे. पहिल्या तीन प्रश्नांना मी थोडक्यात उत्तर देईन, कारण खरी अडचण चौथ्या प्रश्नात आहे.

सर, त्याआधी एक हिशेब मांडते. हळदीची लागण मे-जूनमध्ये होते आणि काढणी जानेवारीपासून पुढे. पाला कापणे, कंद खणणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे ही डोळ्यांना दिसणारी सगळी कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. म्हणजे आपल्या वेळापत्रकात मुलांना हळदीची हिरवी पाने तेवढी मिळणार. अशा वेळी इंटरनेटवरून कढईची आणि वाफेची दृश्ये उतरवून घेतली जातात, त्यावर एखादी विद्यार्थिनी आपल्या आवाजात माहिती वाचते आणि तो माहितीपट आहे असे सर्वांना वाटते. पिकाचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक शेजारीशेजारी लिहून पाहिल्याशिवाय विषय ठरवू नये. आपल्या भागात जून ते डिसेंबरमध्ये हाताला लागण्यासारखे पुष्कळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची छाटणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत त्याच बागेत मणी धरलेले दिसतात, म्हणजे एक गोष्ट सुरुवातीपासून मध्यापर्यंत तरी मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. (छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागांना, जी पेस्ट लावतात ती विषारी असते. त्या दिवशी मुलांना बागेत नेऊ नका.) गणपतीचे कारखाने आहेत, दिवाळीनंतर ऊसतोड आहे, आणि मिरजेतील सतारमेकरांचे काम तर बारा महिने चालते.

आता चौथा प्रश्न. संहिता कशी लिहून घ्यावी? माझे उत्तर असे की, सुरुवातीला ती लिहून घेऊच नये. आपली मुले पाचवीपासून निबंध लिहीत आलेली असतात आणि निबंधात निष्कर्ष आधी ठरलेला असतो. हळद औषधी आहे, शेतकरी पोशिंदा आहे, पाणी जपून वापरावे, हे मुलाला लेखणी उचलण्याआधीच ठाऊक असते आणि पुढच्या तीस ओळी त्या वाक्याच्या समर्थनासाठी गोळा केल्या जातात. कॅमेरा हातात आल्यावरही ते हेच करते. त्याला जे आधीच माहीत आहे त्याची चित्रे ते शोधू लागते आणि जे समोर घडते आहे त्याकडे त्याचे लक्ष जात नाही. चौदा वर्षांत मी जे शिकवत आले आहे त्यातील निम्म्याहून अधिक भाग कॅमेऱ्याचा नाही, ही सवय सोडवण्याचा आहे. आपण मराठीचे शिक्षक आहात, म्हणून हे जरा भीत भीतच लिहिते.

पहिले दोन शनिवार मी मोबाइल बाहेर काढू देत नाही. मुलांना शाळेच्या आवारातच एका ठिकाणी वीस मिनिटे बसवते आणि जे दिसते व ऐकू येते तेवढेच वहीत लिहायला सांगते. ‘सुंदर’, ‘कष्टाळू’, ‘आनंदाने’ असे शब्द वापरायचे नाहीत, एवढीच अट. शिपाईमामा घंटा देतात हे सर्व जण लिहितात. घंटा देण्याआधी ते आपले घड्याळ कार्यालयातील घड्याळाशी ताडून पाहतात, हे एखादीच मुलगी लिहिते, आणि तिथे माहितीपटाची सुरुवात होते. तिची वही मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते, कारण पुढच्या वेळी सगळ्यांनाच तसे काहीतरी सापडावे असे वाटू लागते.

तिसऱ्या शनिवारी पन्नास सेकंदांचा अभ्यास. सिनेमाचे आद्य जनक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या ल्यूमिए बंधूंच्या १८९५-९६ च्या चित्रफिती साधारण पन्नास सेकंदांच्या असत, कारण त्यांच्या यंत्रात मावणारी फिल्मच तेवढी होती. त्या चित्रफिती ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये दाखवल्या गेल्या आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. सांगलीकडच्या मुलांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. भारतीयाने टिपलेल्या अगदी पहिल्या चित्रीकरणांपैकी एक कुस्तीचे असावे, हा त्यांना आपला घरचाच मान वाटतो. मग अभ्यास देते : मोबाइल भिंतीला किंवा विटांना टेकवून स्थिर ठेवायचा, झूम करायचे नाही, हलवायचा नाही, एकदा सुरू केला की पन्नास सेकंद थांबायचे. प्रत्येकाला एकच संधी. जागा कुठे निवडायची आणि कोणत्या क्षणी सुरू करायचे, एवढे दोनच निर्णय मुलाच्या हातात राहतात आणि चित्रीकरणातील बहुतेक निर्णय शेवटी याच दोहोंत येऊन मिळतात. एका मुलाने एसटी थांब्यावर गाडी येण्याचे चित्रण करायचे ठरवले होते. गाडी आलीच नाही. पन्नास सेकंद चार म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या एकाच दिशेला बघत उभ्या होत्या. तो मुलगा रडवेला झाला होता आणि वर्गाने मात्र तो तुकडा तीनदा पाहिला.

यानंतर विषय. ‘हळद’ हा विषय नव्हे, ते धड्याचे नाव झाले. विषयाला एक माणूस लागतो, त्याचे एक काम लागते आणि एक असा प्रश्न लागतो ज्याचे उत्तर मुलांना, आणि शक्यतो आपल्यालाही, आज माहीत नाही. मी प्रत्येक गटाला तिन्ही गोष्टी एका वाक्यात लिहायला सांगते. ‘द्राक्षशेती’ याऐवजी ‘छाटणीच्या टोळीतल्या आक्कांना कोणता डोळा ठेवायचा आणि कोणता काढायचा हे एका नजरेत कसे कळते?’ असे लिहिले की गट कुठे उभा राहणार, कशाचा क्लोजअप घेणार आणि कोणाशी बोलणार हे आपोआप ठरते. हेच वाक्य पुढचे सहा महिने संहितेचे काम करते.

पुराविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण कृष्णाकाठच्या कोणत्याही शाळेत विषय विचारले की निम्मे हात त्यासाठी वर होतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. त्याच पुरात आपल्या तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. ज्या घरात माणूस गेला त्या घरात चौदा वर्षांच्या मुलांना मोबाइल घेऊन पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे काय विचारावे हे भल्याभल्या पत्रकारांना कळत नाही आणि मुलांनी वाहिन्यांवर जे पाहिलेले असते ते ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं?’ एवढेच असते. याच विषयाला दुसरे दारही आहे. नदीकाठच्या गावांत भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा आहेत. काही रंगवलेल्या, काही खिळ्याने ओरखडलेल्या. ती खूण कोणी केली, कधी केली आणि भिंतीला नवा रंग देताना ती का ठेवली, हे मुलांनी घरोघर विचारावे. माणसे आपणहून जेवढे बोलतील तेवढे बोलतील. अशा एका गटाला एका काकूंनी खूण दाखवली, तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मुलांनी मोबाइल बंद केला नाही, ही त्यांच्या वर्षभराच्या शिक्षणाची परीक्षा होती असे मी समजते.

मुलाखतीत मुले दोन चुका ठरलेल्या करतात. पहिली, ‘आपण आपल्या व्यवसायाचे महत्त्व सांगाल का?’ असा प्रश्न. असे विचारले की समोरचा माणूसही निबंधच सांगतो. त्याऐवजी ‘आज सकाळी कितीला आलात? आल्यावर पहिल्यांदा काय हातात घेतलंत?’ असे विचारायला शिकवावे. हातातल्या वस्तूविषयी विचारले की माणूस सहज बोलतो. दुसरी चूक, उत्तर संपताक्षणी ‘धन्यवाद’ म्हणण्याची. मी मुलांना उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजायला लावते. त्या पाच आकड्यांत बहुतेक वेळा खरे वाक्य येते. वाहिन्यांसारखा बूम (माइक) तोंडासमोर धरू देऊ नये आणि ‘कॅमेरामन अमुकसह मी तमुक’ हे तर पहिल्याच दिवशी हसून संपवून टाकावे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा आवाज संकलनात काढून टाकण्याची पद्धत आहे, मी मात्र तो ठेवते. गावातली आजी आपल्या नातवाच्या वयाच्या मुलाशी ज्या सुरात बोलते तो सूर बाहेरून आलेल्या कोणत्याही दिग्दर्शकाला मिळणार नाही, आणि तो का मिळाला हे प्रेक्षकाला कळायला मुलाचा आवाज ऐकू यावा लागतो.

‘पुन्हा एकदा करून दाखवा’ असे सांगावे का, हा प्रश्न मुले लवकरच विचारतात. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ च्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ या कॅनडाच्या उत्तरेतील इनुइट लोकांवरच्या माहितीपटाची गोष्ट मी इथे सांगते. बर्फाच्या घराच्या आत पुरेसा उजेड मिळेना, म्हणून अर्धेच घर बांधून ते चित्रित केले होते. ती माणसे तोवर बंदुका वापरू लागली होती, तरी शिकार जुन्या पद्धतीने, भाल्याने करवून घेतली होती. वर्गात यावर वाद होऊ द्यावा. माझी मुले बहुधा या निर्णयाला येतात की उजेडासाठी भिंत काढणे चालेल, पण जे आता कोणी करत नाही ते आजचे म्हणून दाखवणे चालणार नाही. मिरजेत तंबोरा करणाऱ्या एका कारागिरांकडे गेलेल्या गटाला हे प्रत्यक्ष अनुभवायला मिळाले. त्यांनी मुलांना आल्या आल्या घराण्याचा आणि व्यवसायाचा इतिहास सांगितला, तो ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असणार. मग ते जवारी लावायला, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासायला बसले. घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा कानस. मुलांनी मधेच ‘काका, एकदा कॅमेऱ्याकडे बघून करा ना’ असे म्हटले, तर ते म्हणाले, ‘कॅमेऱ्याकडं बघितलं तर ऐकू येत नाही.’ गटाने इतिहासाचे चौदा मिनिटांचे चित्रण संकलनात एका वाक्यावर आणले आणि कानस व तारेची सहा मिनिटे जवळजवळ तशीच ठेवली.

आता पहिले तीन प्रश्न. नवा कॅमेरा घेऊ नका. शाळेकडे थोडे पैसे असतील तर दोन साधे ट्रायपॉड आणि दोन वायरचे कॉलर माइक घ्या, कारण प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो पण न कळणारा आवाज सहन करत नाही. माइक नसेल तर दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रण सुरू करून बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावा, आणि नंतर चित्र व आवाज जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला व शेवटी एकेक टाळी वाजवावी. शेवटची टाळी विसरू नये. मोबाइलच्या चित्रीकरणाचा वेग किंचित कमीजास्त होत असतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या मुलाखतीत शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते आणि दुसरी टाळी असेल तर ती फारकत किती झाली ते नेमके मोजता येते. प्रत्येक ठिकाणाहून निघताना कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज मुद्रित करून घ्यावा. दोन वाक्यांमधली भोके बुजवायला तो लागतो. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर सेकंदाला २५ चौकटींचा (फ्रेमचा) वेग किंवा शटरचा वेग १/५० सेकंद निवडावा. मोबाइल आडवाच धरावा. एवढे दोन तासिकांत होते, त्याहून अधिक तंत्र आधी शिकवू नये, अडले की शिकवावे.

चित्रीकरणाला मर्यादा मात्र घालून द्या. सहा मुलांचे चार गट करा, प्रत्येक गटाचा माहितीपट दहा मिनिटांचा नव्हे, पाच-सहा मिनिटांचा असू द्या आणि त्यासाठी एकूण एक तासापेक्षा अधिक चित्रण करू देऊ नका. १०८० च्या दर्जाला मिनिटामागे साधारण शंभर ते सव्वाशे एमबी जागा लागते, म्हणजे तासाला सहा ते साडेसात जीबी, आणि तेवढी जागा शिक्षकांच्या मोबाइलवर करता येते. तरी मर्यादेचे मुख्य कारण जागा हे नाही. चार तासांचे चित्रण घरी आणलेला गट ते कधीच पूर्ण पाहत नाही. गटातली कामेही दर शनिवारी बदलत राहा. तसे केले नाही तर महिन्याभरात मोबाइल मुलांकडे जातो आणि मुलींच्या वाट्याला ‘आवाज छान आहे’ म्हणून निवेदन तेवढे उरते. मी हे जवळजवळ प्रत्येक शाळेत पाहिले आहे.

संकलन संगणकाच्या आधी कागदावर करावे, आणि इथे मराठीच्या शिक्षकाचा खरा उपयोग होतो. प्रत्येक मुलाखत मुलांनी ऐकून वहीत शब्दशः उतरवावी. पहिल्या खेपेला ती शब्दशः येत नाही. एका मावशींनी म्हटले होते, ‘पाणी यायलंय म्हटल्यावर आधी म्हस सोडली.’ मुलीने वहीत लिहिले होते, ‘पाणी येत असल्याचे समजताच आम्ही प्रथम म्हैस सोडली.’ ती चूक नव्हती, तिला शाळेने तसेच शिकवले होते. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली आणि कोणत्या वाक्यात पाणी दिसते असे विचारले, त्यावर वर्ग थोडा वेळ गप्प झाला. उतरवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापाव्यात, चित्रांच्या नोंदी वेगळ्या रंगाच्या कागदावर घ्याव्यात आणि सगळे जमिनीवर पसरून क्रम लावावा. क्रम हलवत दोन शनिवार जातात आणि ते जाऊ द्यावेत. निवेदन अगदी शेवटी लिहावे, आणि तेही जी माहिती चित्रातून व बोलण्यातून आलीच नाही तेवढ्यापुरते. चांगल्या माहितीपटात ते पाच-सहा वाक्यांवर येते, माझ्या काही गटांनी एकही वाक्य ठेवले नाही. ॲपविषयी म्हणाल तर मोबाइलवर व्हीएन किंवा काइनमास्टर, संगणक बरा असेल तर शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, कोणतेही चालेल. ॲपमधले तयार दृश्यबदल (ट्रान्झिशन) आणि आकाशातून पडणारी अक्षरे वापरायला पहिल्या खेपेला बंदी करावी. पार्श्वसंगीतासाठी चित्रपटातले गाणे घेऊ नये, तो १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचा प्रश्न आहे. गावातल्या भजनी मंडळाला विचारून त्यांचा टाळ-मृदंग मुद्रित केला तर तो कामही देतो आणि ते मंडळही पाहायला येते.

परवानगी लेखी आणि मराठीत घ्यावी. ज्याचे चित्रण झाले त्याला ते कुठे दाखवले जाणार हे सांगावे, आणि नंतर नको वाटले तर काढून टाकले जाईल हेही सांगावे. चित्रणात दुसरी मुले असतील तर पालकांची सही लागते, आपल्या विद्यार्थ्यांच्या पालकांचीही. ऊसतोडीच्या अड्ड्यावर गेलेल्या गटांनी तिथली लहान मुले ‘छान दिसतात’ म्हणून टिपून आणली होती, ती मी काढायला लावली, कारण त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारलेच नव्हते. एखाद्या मुलाने वा मुलीने बोलता बोलता स्वतःवरच्या लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितले तर ते चित्रण कोणालाही दाखवायचे नाही, लगेच आपल्याकडे आणायचे, हे गटाला आधीच सांगून ठेवावे. अशा मुलाची ओळख उघड करणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे आणि ते प्रकरण योग्य ठिकाणी कळवणे ही मोठ्यांची जबाबदारी आहे. युट्यूबवर टाकण्याची घाई करू नये.

स्नेहसंमेलनाच्या आधी प्रत्येक गटाने आपला माहितीपट ज्याच्यावर केला त्याच्या घरी जाऊन दाखवावा. तिथे चुका कळतात. ‘हे आमचं नाही, शेजारच्याचं रान आहे,’ असे एका शेतकऱ्याने पहिल्याच दृश्याला सांगितले होते. संमेलनाच्या वेळी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे मनोगत माहितीपटात घालावे अशी सूचना येण्याची शक्यता आहे. ते मनोगत आदराने व्यासपीठावर ठेवावे.

आणि हळदीचा विषय सोडायला आपले मन तयार नसेल, तर तो पुढच्या वर्षावर टाका, पण काम याच आठवड्यात सुरू करा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली होती आणि पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवायला ती दाखवली होती. शाळेच्या आवारात, भिंतीजवळ, ऊन येईल अशा जागी हळदीचे चार कंद लावा. समोर एक खुंट रोवून त्यावर मोबाइल दररोज त्याच जागी, त्याच कोनात बसेल अशी लाकडी खाच करून घ्या, आणि पाळी लावून रोज मधल्या सुट्टीत एक छायाचित्र काढायला लावा. सुट्ट्या वजा जाता फेब्रुवारीपर्यंत दोनशेच्या आसपास छायाचित्रे होतील. सेकंदाला २५ या वेगाने ती आठ सेकंद चालतील.